काटा नवा, कागद जुना

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. आजही आहे. पहिल्या पाळीला उशीर नको म्हणून बाबांनी ते कधीकाळी मुद्दाम तसं लावलं आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक जण त्याच्याकडे बघून मनातल्या मनात दहा वजा करतो. मग पुढे ठेवून उपयोग काय, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलंच तर आई म्हणते, "उपयोग काही नाही हो, सवय आहे."

सातवीत असताना मला अचूकपणाचं वेड लागलेलं. शाळेत बाईंनी मोजमापाचा धडा शिकवला आणि मी घरी येऊन स्टुलावर चढले, रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेला ते घड्याळ अगदी मिनिटाला मिनिट जुळवून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना आपोआप कळेल आणि माझं कौतुक होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, नेहमीचे दहा वजा केले, निवांत चहा संपवला, सायकल काढली आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच कारखान्यात उशिरा पोचले. दुपारी ते घरी आले तेव्हा मी दाराआड उभी, आता बोलणी बसणार म्हणून. ते स्टुलावर चढले, काटे परत दहा मिनिटं पुढे सरकवले आणि म्हणाले, "घड्याळ बरोबर केलंस ते चांगलंच केलंस गं. पण माझी वजाबाकी तशीच राहिली ना!"

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये शंभरदा सांगितलाय, हसवायला म्हणून. त्यात हसण्यापलीकडे काही आहे हे कळायला मला पंचेचाळीस वर्षांची व्हावं लागलं.

बाबा दहावी पास. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होते, निवृत्त होईपर्यंत. रिअ‍ॅक्टर म्हणजे माणसापेक्षा उंच बंद भांडं, त्यात माल शिजायचा, आणि आत काय चाललंय ते बाहेरच्या काट्यांवरून ओळखायचं. बाबा म्हणायचे, प्रत्येक काट्याला स्वभाव असतो. एक दोन अंश जास्त दाखवणारा, एक गरम झाला की अडखळणारा, एक पावसाळ्यात रुसणारा. हे सगळे स्वभाव ते खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीनं टिपून ठेवायचे. निवृत्तीनंतरही डायरी सुटली नाही. दवाखान्यात बीपी मोजलं की आकडा डायरीत, घरच्या मशीनवर मोजलं की तोही शेजारी. विचारायचे मात्र कुणाला काही नाहीत. डॉक्टरांना नाही, दुकानदाराला नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर तोंडच उघडायचे नाहीत. मला वाटायचं, स्वभाव आहे एकेकाचा.

माझा स्वभाव याच्या बरोबर उलटा. राग नाकावर, जीभ दातांच्या पुढे. ठाण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, वर्तकनगरला राहते, आणि चाळिशीच्या जवळ आल्यावर पीएचडी करायची अवदसा आठवली. नोकरी सांभाळून आठ वर्षं मी ते लोढणं ओढलं. दोनदा मुदत वाढवून घेतली. शेवटी असं झालं की महिन्याभरात प्रबंध दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, पुन्हा श्रीगणेशा. त्या वयात कुठला श्रीगणेशा! दिला तर दिला, नाही तर आठ वर्षं पाण्यात, आणि माझ्या बाबतीत खरोखरच पाण्यात.

कारण माझा विषयच पाणी. घाबरू नका, मी रोज ऐंशी पोरांना शिकवते, त्यातली निम्मी झोपलेली असतात, तरी थोडंफार शिरतंच डोक्यात. कॉम्प्युटरच्या आत पाणी बनवायचं तर पाण्याचा एक रेणू म्हणजे तीन गोळे धरायचे, एक ऑक्सिजनचा आणि दोन हायड्रोजनचे. कुठला गोळा कुणाला किती ओढणार, किती ढकलणार याचे आकडे द्यायचे आणि शाळेत शिकलेल्या गतीच्या नियमांवर त्यांना सोडून द्यायचं. हे आकडे काही आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी बसून, खऱ्या पाण्याशी ताळा जमेपर्यंत, ते थोडे इकडे थोडे तिकडे पिळत आणलेले असतात. असं बनवलेलं पाणी बऱ्यापैकी खऱ्या पाण्यासारखं वागतं.

पण हायड्रोजन हे फार हलकं, फार चंचल कार्टं. अतिसूक्ष्म कणांचे जे निराळे नियम असतात, त्या क्वांटमच्या नियमांनी ते एका जागी स्वस्थ बसूच शकत नाही. पाणी गोठवा, आणखी गोठवा, हे आपलं थरथरतंच. त्याला एक टणक गोळा मानणं मुळातच खोटं. मग काय करायचं? खरंखुरं क्वांटमचं गणित एवढ्या रेणूंसाठी सोडवायचं तर जन्म पुरणार नाही. तेव्हा कुणीतरी एक युक्ती काढली, आणि काय युक्ती काढली म्हणून सांगू! एका हायड्रोजनच्या जागी मण्यांची एक गोल माळ ठेवायची. मणी शेजारच्या मण्याला स्प्रिंगनं बांधलेला. प्रत्येक मणी बिचारा साधेच नियम पाळतो, त्याला क्वांटमचा गंधही नाही. पण अख्खी माळ मिळून पसरते, आक्रसते, थरथरते, आणि लांबून बघितलं तर हुबेहूब क्वांटम हायड्रोजन. हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "हो."

माझं काम होतं अगदी बारीक छिद्रांतून जाणाऱ्या पाण्याचं. छिद्रं एवढी अरुंद की दोन-चार रेणू कसेबसे अंग चोरून जातील. पाणी गाळण्याचे नवे पदार्थ असे असतात. माळा घातल्यावर माझं पाणी त्या छिद्रांतून चांगलंच जोरात पळालं, आजवर सगळे म्हणत होते त्यापेक्षा किती तरी जोरात. हा माझ्या प्रबंधाचा कळस. त्यावर मी फार खूश होते. खोटं कशाला बोलू, माजले होते.

प्रबंध देण्याआधी विभागात एक भाषण करावं लागतं. ते गुरुवारी होतं. त्याआधीच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. जेवणं झाली, आई मटारच्या शेंगा घेऊन बसली, आणि मी म्हटलं, चला, तुमच्यासमोर तालीम करते. मराठीत सांगते. तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल. हे मी हसत म्हणाले आणि त्यातला उद्धटपणा माझ्या लक्षातही आला नाही.

बाबा खुर्ची ओढून समोर बसले. पेन्सिल कानावर, डायरी मांडीवर. मी गोळे सांगितले, माळा सांगितल्या, छिद्रं सांगितली, पाणी कसं धावलं ते हातवारे करून सांगितलं. आईनं शेंगा सोलता सोलता "छान हो" म्हटलं. बाबांनी दोन-तीन वेळा काहीतरी टिपलं. माझं झाल्यावर ते जरा घुटमळले.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"ते ओढायचे-ढकलायचे आकडे. ते कुठून घेतलेस?"

"खऱ्या पाण्यावरून, बाबा. सांगितलं की. जुळेपर्यंत बसवलेले असतात."

"माळ नव्हती तेव्हा बसवलेले?"

"हो."

"मग माळ घातल्यावर परत बसवले?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चार दिवसांवर भाषण आलेलं, महिन्यावर मुदत, आणि हे काय नसतं उकरताहेत! मी म्हटलं, "त्याचा इथे काही संबंध नाहीये."

"नाही, म्हणजे खऱ्या पाण्यातला हायड्रोजन थरथरतोच ना. मग आकडे बसवतानाच ती थरथर त्यात आली असेल. तू वर आणखी माळ घातलीस. काटा नवा आणि कागद जुना, असं तर नाही ना झालं?"

"बाबा, हा तुमचा रिअ‍ॅक्टर नाहीये. हे तुम्हाला नाही कळायचं."

बाबांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, डायरी मिटली. "मी नुसतं विचारलं," ते म्हणाले आणि उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला गेले. त्या झाडांना त्यांनी सकाळीच पाणी घातलेलं.

मी लॅपटॉप आवरायला लागले. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझी आई ओरडत नाही, आवाज खाली आणते, आणि ते जास्त लागतं. ती म्हणाली, "शोभलं नाही तुला."

"अगं, पण ते काहीही विचारतात..."

"काहीही नाही. तुला माहीतच नाही." आणि मग तिनं जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. बाबांच्या रिअ‍ॅक्टरवरचा तापमानाचा काटा खऱ्यापेक्षा चार अंश कमी दाखवायचा. वर्षानुवर्षं. कुठल्या टप्प्याला किती तापवायचं तो कागदही त्याच काट्याकडे बघून लिहिलेला होता, त्यामुळे माल बरोबर शिजायचा. काटा चुकीचा, कागदावरचा आकडा चुकीचा, आणि दोन्ही मिळून काम बरोबर. मग एक नवीन इंजिनिअर आले. हुशार होते, कामसू होते. त्यांनी तो काटा काढला आणि अचूक काटा बसवला. कागद तोच ठेवला. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "साहेब, काटा नवा आहे, कागद जुना आहे. चालेल?" साहेब म्हणाले, कागदात लिहिलंय तेवढं कर. बाबांनी केलं. माल चार अंश थंड राहिला, नीट शिजलाच नाही. एका पाठोपाठ एक तीन बॅच गेल्या.

चौकशी झाली. ऑफिसात टेबलापलीकडे सगळे साहेब बसलेले, अलीकडे बाबा उभे. बॅच का गेली हे कुणी विचारलं नाही. विचारलं हे की तू साहेबांना उलट बोललास का. बाबा म्हणाले, "साहेब, मी नुसतं विचारलं होतं." झालं, तेच उलट बोलणं ठरलं. तापमान नीट सांभाळलं नाही, चूक माझी आहे, पुन्हा होणार नाही, असा माफीनामा त्यांच्याकडून लिहून घेतला. मजकूर एक जण सांगत होता आणि बाबा लिहीत होते. पुढे महिन्याभरानं गुपचूप नवा कागद आला, चार अंश वाढवलेला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"त्या दिवसापासून हा माणूस कुणाला काही विचारत नाही," आई म्हणाली. "आज तुला विचारलंन."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते तेव्हा कळलं. मी गॅलरीच्या दारापर्यंत गेले. बाबा पाठमोरे उभे होते, हातात रिकामा तांब्या. "येते हं," एवढंच म्हणून मी निघाले.

सोमवारी कॉलेजात पहिला तास संपवून मी कॉम्प्युटरपाशी बसले आणि पाण्याच्या आकड्यांची मूळ फाइल उघडली. सात वर्षांत ती उघडायची वेळच आली नव्हती, बाकीचं सगळं तिच्यावर चालायचं. पहिल्याच ओळीत माझीच टीप होती: तात्पुरतं. सरांनी सांगितलेला माळेसाठीचा नवा संच नंतर घालणे.

तात्पुरतं! आपल्याकडे तात्पुरतं म्हणून मारलेला खिळा घर पडेपर्यंत हलत नाही. आता आठवलं. पहिल्याच वर्षी सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, बजावलेलं की माळा वापरायच्या तर त्यांच्यासकट नव्याने बसवलेले आकडे घे. तेव्हा ते आकडे माझ्या छिद्रांच्या पदार्थाच्या आकड्यांशी जुळेनात, म्हणून जुने घालून काम सुरू केलं. नंतर बदलू. ते नंतर कधी आलंच नाही. मग पाणी जोरात धावायला लागलं, आणि इतकं छान उत्तर आल्यावर कोण कशाला फाइल उघडतंय?

तरीही मी स्वतःशी वकिली केली. तो दिवस तसाच जाऊ दिला. कुणाला कळणार आहे? समजा कळलं तरी तोपर्यंत पदवी हातात. आणि कदाचित फरक नसेलही पडत. शेवटी मंगळवारी दुपारी सगळ्यात साधी तपासणी केली, जी पहिल्या वर्षीच करायला हवी होती. छिद्रं काढून टाकली, नुसतं मोकळं पाणी ठेवलं, माळा तशाच, जुने आकडे तसेच. आणि काय? माझं पाणी बाहेरसुद्धा धावत सुटलेलं. नळाचं खरं पाणी असं पळत नाही, कुणालाही विचारा. म्हणजे छिद्रांची जादूबिदू काही नव्हती. थरथर दोनदा मोजली गेली होती, एकदा आकड्यांत आणि एकदा माळेत. मी घड्याळ बरोबर केलेलं आणि वजाबाकी तशीच ठेवलेली.

त्याच संध्याकाळी मी नौपाड्यात सरांकडे गेले. सर निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, तरी माझ्या प्रबंधाचं पान अन् पान पेन्सिलीनं तपासायचे. दारातच मी म्हटलं, "सर, सगळं चुकलं." त्यांनी आधी पाणी दिलं, बसवलं, मग ऐकून घेतलं. मी फाइलमधली ओळ दाखवली. वडिलांनी काय विचारलं तेही सांगितलं.

सर चष्मा पुसू लागले. मला वाटलं, आता सुनावतील. मी असते तर सुनावलं असतं. ते उठले, कपाटातून एक वही काढली, पहिल्या वर्षाची. त्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: आकडे नवीन घेतले का, विचारणे. शेजारी बरोबरची खूण नव्हती.

"मी विचारायचं राहून गेलं," सर म्हणाले. "तुझ्या वडिलांनी विचारलं."

गुरुवारचं भाषण आम्ही रद्द केलं. मुदत पुन्हा वाढवायला विद्यापीठात अर्ज करावा लागणार होता, आणि तिसऱ्यांदा मुदत सहसा देत नाहीत. सर स्वतः माझ्याबरोबर आले, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढले. अर्जात त्यांनी आपल्या हातानं एक वाक्य घातलं: "ही चूक वेळेवर पकडणं हे मार्गदर्शकाचं काम होतं आणि ते माझ्याकडून झालं नाही." मी म्हटलं, "सर, हे कशाला?" ते म्हणाले, "खरं आहे म्हणून." बाबांकडून एकदा असंच वाक्य लिहून घेतलं होतं. सरांनी न मागता लिहिलं. त्या क्षणी मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण कार्यालयात कारकून बघत होते.

मुदत मिळाली. एक वर्ष, शेवटची.

बाबांना मात्र मी भाषण रद्द केल्यावरच्या रविवारीच जाऊन सांगितलं होतं. समोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं. कागद जुनाच होता. आणि मी तुम्हाला जे बोलले त्याची माफी मागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, जिथे आई भांड्यांचा आवाज करणं थांबवून ऐकत होती. त्यांना कळलं की मला सगळं कळलंय. म्हणाले, "बरं बरं. लिहून नको देऊस." आणि हसले. मी रडले. आई आतून म्हणाली, "आता चहा टाकू का नाटक अजून आहे?"

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात सुंदर वर्ष होतं. नवे आकडे त्या छिद्रांच्या पदार्थाच्या आकड्यांशी जुळवण्यातच चार महिने गेले. मग माळा घातल्या, पाणी सोडलं, आणि ते धावलं नाही. जवळजवळ जुन्याच वेगानं, सभ्य माणसासारखं गेलं. माझा कळस कोसळला. पण का नाही धावलं हे शोधायला बसले आणि जे दिसलं त्यानं मी वेडी झाले. हायड्रोजनची थरथर एकाच वेळी दोन कामं करते. एकीकडे ती शेजारच्या रेणूंचे बंध सैल करते, दुसरीकडे ऑक्सिजनशी असलेलं आपलं नातं जरा ताणते आणि शेजाऱ्याला आणखी घट्ट धरते. एक हात सोडतो, दुसरा धरतो. दोन्ही मोठे परिणाम, आणि एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. हे मोकळ्या पाण्याबद्दल आधीच्या लोकांनी सांगितलेलं होतंच, मी फक्त वाचून पुढे गेले होते. आता ते छिद्रांत माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. केवढा पसारा आतमध्ये चाललेला, आणि बाहेरून बघावं तर पेल्यातलं पाणी स्वस्थ! आणि ज्यांनी आकडे पिळून पिळून ते तीन टणक गोळ्यांचं बाळबोध पाणी खऱ्यापर्यंत आणलेलं, त्यांना माळबिळ काही न घालता थरथरीची किंमत त्यात नकळत पकडता आली होती. मी त्यांच्याबद्दल इतकी वर्षं नाक मुरडत होते. चुकीच्या काट्यावर बरोबर माल काढणारी माणसं ती.

प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी माझ्या चुकीवर लिहिलं. सर म्हणाले, "एवढं सविस्तर?" मी म्हटलं, "खरं आहे म्हणून." ते हसले.

मग तोंडी परीक्षा. ती उघड असते, कुणीही येऊन बसू शकतं. त्यामुळे आपल्याकडे घरची मंडळी निकालाआधीच पेढे घेऊन हजर होतात. आईनं दोन किलोचा पुडा आणलेला. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसले. खिशात डायरी. मी त्यांना म्हटलेलं, पुढे बसा. ते म्हणाले, "इथून दिसतं."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पुण्याकडच्या होत्या, वयानं मोठ्या, बारीक आवाजाच्या आणि प्रश्नांना अतिशय कडक. दीड तास त्यांनी मला सोलून काढलं. शेवटी माझ्या चुकीच्या प्रकरणाचं पान उघडून म्हणाल्या, "हे तुमच्या कधी लक्षात आलं? इतकी वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं."

मी म्हटलं, "माझ्या नाही लक्षात आलं, बाई. माझ्या वडिलांनी विचारलं. ते मागे बसलेत. रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते."

सगळ्या माना वळल्या. बाई म्हणाल्या, "हो का? जरा उभे राहता का?"

बाबा उभे राहिले. दोन्ही हात पुढे एकमेकांत धरलेले, मान किंचित खाली. समोर टेबल, टेबलापलीकडे चार मोठी माणसं. हे मी काय केलं! मला उशिरा कळलं की या माणसाला मी पुन्हा त्याच जागी उभं केलंय. आईनं पेढ्यांचा पुडा छातीशी धरलेला.

"बाई," बाबा म्हणाले, "मी नुसतं विचारलं होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हटलं. आता नवीन प्रबंध ऐकलात. अजून काही विचारायचंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, विचारा. त्यांनी डायरी काढली, उघडली, आणि न बघताच मिटली.

"हिनं नवा कागद घेतला तो मोकळ्या पाण्यावरून लिहिलेला," ते सावकाश म्हणाले. "वापरला बारीक भोकात. आमच्याकडे मोठ्या भांड्याचा कागद लहान भांड्याला चालायचा नाही. तर मोकळ्या पाण्याचा कागद भोकात चालतो, हे कशावरून?"

सरांनी चष्मा काढला. मी फळ्यापाशी उभी होते, हातात खडू, आणि नऊ वर्षं पाण्यात घालवून मला उत्तर येत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बाबा, मला नाही कळलेलं ते. अजून कुणालाच नीट नाही कळलेलं."

बाबांनी मान डोलावली, जणू बरोबर उत्तर मिळालं. ते खाली बसायला लागले तेव्हा बाईंनी हात वर केला.

"बसू नका," त्या म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं. "परत एकदा सांगा. मी लिहून घेते."

बाबा एकेक शब्द सोडत परत सांगू लागले, आणि टेबलापलीकडे बाई लिहून घेत होत्या.